'सगळे नंबर जुळतात' म्हणून घेतलेली १९३६ची लुगर : २,८५० डॉलर गेले

२,८५० डॉलर, वर पाठवणीचे ४५. अमेरिकेत जुनी जर्मन पिस्तुलं घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. माउझरची लुगर पी०८, वर 'एस/४२' हा माउझरचा कोड आणि १९३६ हे वर्ष. जाहिरातीत 'सगळे नंबर जुळतात, फिनिश मूळ', म्हणजे सगळे भाग याच पिस्तुलाचे आणि पोलादावरचा निळा थर कारखान्यातलाच. नंबर जुळतात, कारण ते जुळवलेत!

लुगरच्या फ्रेमवर पुढे आणि बॅरलखाली पूर्ण नंबर असतो, लहान भागांवर शेवटचे दोन आकडे. इथे साइडप्लेट, ट्रिगर, टेकडाउन लिव्हर, सगळीकडे ४७. भिंगाखाली धरल्यावर कळलं, लिव्हरवरचा ४ ट्रिगरवरच्या ४ पेक्षा रुंद आहे आणि आकड्याभोवतीचा भाग किंचित खोलगट. जुना नंबर घासून नवा ठोकलाय.

पण खरी चूक त्याआधीच झाली. पाठवलेल्या अकरा फोटोंपैकी एकात साइडप्लेट काढलेली होती आणि फ्रेम आतून गर्द निळी दिसत होती. १९३६ची, आणि आतून निळी! पोलाद निळं करायच्या दोन रीती, रस्ट ब्लू आणि सॉल्ट ब्लू. माउझर रस्ट ब्लू सोडून सॉल्ट ब्लूवर गेलं ते १९३७मध्ये. रस्ट ब्लू बाहेरून चढवतात, आतलं पोलाद उघडं, पांढरं राहतं. सॉल्ट ब्लूत अख्खा भाग बुडवतात. म्हणजे हे पिस्तूल नंतर कुणीतरी पुन्हा निळं केलंय. हे मला पाठ आहे. तरी 'सावली असेल' म्हणून पुढचा फोटो उघडला. त्याची लाज अजून जात नाही. ट्रिगरचा पिवळसर रंग त्या वर्षाला शोभणारा, मॅगझिनच्या बुडाचा नंबरही तोच. कुणीही फसला असता, असं अजूनही वाटतं.

वायर ट्रान्सफर कधीही करू नका. बँकेने हात वर केले. तपासणीला तीन दिवस होते, मी चौथ्या दिवशी कळवलं. विक्रेत्याने तेवढ्यावर दार लावलं. पोलीस म्हणाले, "हत्यार मिळालं ना? मग दिवाणी मामला." अहो, १,१०० डॉलरचं पिस्तूल घासून, ठोकून २,८५०ला विकलं, ही फसवणूक नाही तर काय आहे? ग्राहक खात्याला फॉर्म, फोटो, पावती, सगळं दिलं. चार महिन्यांनी दोन ओळी आल्या : खाजगी व्यवहार, आमच्या कक्षेत नाही. भिंगातून बघायला एकही जण तयार नाही. मग तक्रार करायची कुणाकडे?

पैसे देण्याआधी फ्रेमच्या आतला फोटो मागा, उजेडात काढलेला. लाकडी ग्रिप काढून आतले दोन आकडे मागा. चकाकीखाली गंजाचे खड्डे दिसले, कडा गोल झालेल्या दिसल्या, तर सोडून द्या. 'ब्लॅक विडो' म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. ते नाव युद्धानंतर विक्रेत्यांनी पाडलंय, माउझरच्या 'बीवायएफ' कोडच्या, १९४१ आणि १९४२च्या काळ्या बेकलाइट ग्रिपवाल्या पिस्तुलांना.

त्याच माणसाने या आठवड्यात १९३८ची लुगर विकायला काढली आहे, 'फिनिश मूळ' म्हणून. ट्रिगर पिवळसर. १९३८मध्ये तो निळा असायला हवा.