खालच्या मजल्यावरची गिरणी: मॅसरेटर कमोडचे नऊ महिने

आमचं घर पुण्यात, बावधनच्या उतारावर. रस्ता वर, घर खाली आणि घराच्याही खाली एक खोली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अण्णांनी (माझे सासरे) ती खोली मागून घेतली, कारण तिच्या मागच्या दारातून थेट बागेत जाता येतं. फक्त संडास वर. रात्री दोनदा जिना चढायचा असेल तर खाली राहून उपयोग काय?

अडचण होती ड्रेनेज पुरेसं खोल नसल्याची. पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्त्रींबरोबर मीच लेव्हल धरली. ड्रेनेजच्या चेंबरचा तळ खोलीच्या फरशीपेक्षा चक्क 80 सेंमी वर निघाला. त्यात चेंबर 11 मीटर अंतरावर, म्हणजे चार इंची पाइपाला चाळिसास एक उतार द्यायचा तर आणखी 27 सेंमी हवेत. मिस्त्री म्हणाले, ओटा बांधून कमोड वर घेऊ. पी-ट्रॅपचं (मागे आउटलेट असलेल्या कमोडचं) तोंड फरशीच्या थोडं वर असतं, ते वजा केलं तरी ओटा 95 सेंमीच्या आसपास जात होता आणि छत अवघं 2.4 मीटर. अण्णा म्हणाले, "पाच पायऱ्या चढून सिंहासनावर बसायचं आणि उठताना मुजरा करायचा, असंच ना?" ओटा तिथेच बारगळला. खड्डा खणून त्यात मैलापाण्याचा पंप बसवणं हा खरं तर भक्कम उपाय, पण खाली काळा पाषाण आणि शेजारीच रिटेनिंग वॉलचा, म्हणजे उताराची माती अडवणाऱ्या भिंतीचा पाया. ब्रेकर लावायची हिंमत झाली नाही.

म्हणून फेब्रुवारीत मॅसरेटर घेतला. कमोडच्या मागे एक डबा, त्यात पाती आणि पंप. मैला बारीक होतो आणि 32 मिमीच्या पाइपातून वर ढकलला जातो. आमचा पाइप डब्यापासून सरळ 2 मीटर वर जातो आणि मग हलक्या उताराने चेंबरपर्यंत. मिस्त्री आधी आडवा पाइप नेऊन शेवटी वर चढवणार होते. तसं केलं असतं तर आडव्या भागात घाण साचून राहिली असती. वळणावर काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशाचे दोन बेंड लावून घेतले. कमोड मागे आउटलेट असलेलाच लागतो, खाली तोंड असलेला एस-ट्रॅप चालत नाही.

फ्लश केला की पंधराएक सेकंद मिक्सरमध्ये चटणी वाटल्यासारखा आवाज. अण्णा त्याला गिरणी म्हणतात. दिवसा कोणाचं लक्ष जात नाही, रात्री मात्र वर झोपलेल्या सगळ्यांना कळतं. डब्याखाली रबराची जाड शीट घातल्यावर भिंतीची थरथर गेली. विजेचं म्हणाल तर 400 वॉटची मोटर दिवसातून वीस वेळा चालली तरी महिन्याला जेमतेम एक युनिट.

खरी कसरत सवयींची झाली. आपली पद्धत म्हणजे भसाभस पाणी. त्या खोलीत नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी वाहून जायची जाळी) देता येत नाही, कारण फरशीखालून पाणी जाणार कुठे? त्यामुळे फरशी धुवायची नाही, पुसायची. कामाच्या मावशींना हे पटायला दोन महिने लागले. त्यांची दुसरी सवय बादलीभर पाणी एकदम ओतायची. डबा लहान, एवढं पाणी पंप उपसेपर्यंत कमोड काठोकाठ येतो. ॲसिडही बंद केलं, आतल्या रबराचं नुकसान होतं. जेट स्प्रेचा मात्र काही त्रास नाही.

एका गुरुवारी लाईट गेली आणि अण्णांनी नेहमीप्रमाणे फ्लश केला, वर बादलीही ओतली. पुढचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पंपाची लाईन इन्व्हर्टरवर घेतली.

ऑगस्टमध्ये गिरणी रात्री आपोआप सुरू व्हायला लागली, दर अर्ध्या तासाने. मला वाटलं पंप गेला. फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद टाकून पाहिली, तर फ्लश न करताच कमोडमध्ये पिवळं पाणी उतरलं. टाकीचं वॉशर गळत होतं आणि डबा हळूहळू भरत होता. पंपाचा काही दोष नव्हता.

दिवाळीत पाहुण्यांच्या बाळाचा वेट वाइप आत गेला आणि पाती अडकली. नुसती गुणगुण, मग गप्प. मेकॅनिक येईपर्यंत दोन दिवस अण्णा पुन्हा जिन्यावर. सणात तेही जिव्हारी लागलं. डब्याचं झाकण उघडायला मागे हातभर जागा सोडली होती, नाहीतर कमोडच उखडावा लागला असता. मी एवढी जागा सोडायला सांगितल्यावर मिस्त्री हसले होते, हे आवर्जून नोंदवते.

आमचं पाणी बोअरचं, जड. दर दोन महिन्यांनी लिंबूसत विरघळवून रात्रभर डब्यात ठेवते, त्याने क्षार सुटतात.

खड्डा खणता येत असेल तर अजूनही मी तोच सुचवेन, निदान फरशी धुता येते. आमच्याकडे आता दारावर अण्णांच्या अक्षरातली पाटी आहे: "कागद, कापड, केस आत टाकू नये. गिरणी रुसते."