छोटं कर्ज आधी, महाग कर्ज आधी, की सोनं ठेवून कार्ड एकदाच बंद? तिन्हीचा हिशोब

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला, म्हणाला ताई 7 तारखेला पगार होतो आणि 12 पर्यंत खात्यात काही राहत नाही, आम्ही दोघांनी ठरवलंय आता फेडायचंच, पण सुरुवात कुठून करायची यावरूनच आमचं भांडण होतंय. तो म्हणतो गाडीचं लोन थोडंसंच राहिलंय ते आधी संपवू, त्याची बायको म्हणते क्रेडिट कार्ड आधी, आणि सासूबाई म्हणतात माझं सोनं ठेवा पण ते कार्ड घरातून घालवा. फोनवर अर्धवट सांगून झालं, मग रात्री बसून तिन्ही रस्त्यांचं गणित मांडलं. आम्ही दोघं चिंचवडमध्ये भाड्याच्या घरात असताना ह्याच फेऱ्यातून गेलोय, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितेय, तुमच्या घरात हाच वाद चालू असेल तर उपयोग होईल.

आधी आकडे. कार्डावर 1,10,000 बाकी. बाईकचे 38,000, 12 टक्के, हप्ता 3,376, बारा हप्ते राहिलेत. लग्नासाठी काढलेलं पर्सनल लोन 2,40,000, 14 टक्के, 36 हप्ते, महिन्याला 8,203. मामांकडून घेतलेले 50,000, बिनव्याजी. घरखर्च, भाडं, मुलीची शाळा आणि हे हप्ते जाऊन दोघांच्या पगारातून 15,000 उरतात, त्यातूनच कार्ड भरायचंय. प्रश्न एवढाच की ते 15,000 कुठे टाकायचे.

कार्डाचं खरं व्याज कितीय हे बऱ्याच घरात कोणी कधी काढूनच बघत नाही. महिन्याला साडेतीन टक्के आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला 4.13 टक्के. 1,10,000 वर 4,543 रुपये नुसतं व्याज! आणि मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायचीच रक्कम, 5 टक्के म्हणजे 5,500 भरले तर मुद्दल फक्त 957 ने कमी होतं. शिवाय बाकी पुढे ढकलली की नवीन खरेदीवरचे बिनव्याजी दिवस पण जातात, आज किराणा स्वाइप केला की आजपासून व्याज.

आता वहिनीचा रस्ता, महाग कर्ज आधी. बाईकचा हप्ता नेहमीसारखा चालू ठेवायचा आणि सगळे 15,000 कार्डावर. नवव्या महिन्यात कार्ड शून्य होतं, एकूण व्याज साधारण 23,700. दहाव्या महिन्यात बाईकचे उरलेले दहाएक हजार एकदम भरून तीही मोकळी.

भावाचा रस्ता, छोटं आधी. कार्डावर फक्त 5,500 आणि उरलेले 9,500 बाईकच्या हप्त्यासोबत. तीन महिन्यात बाईक संपते (शेदीडशे रुपये उरतात, ते धरत नाही). मग तिचा हप्ता पण कार्डाकडे वळवायचा, म्हणजे महिन्याला 18,376. कार्ड सुटतं दहाव्या महिन्यात आणि कार्डाचं व्याज जातं 31,400 च्या आसपास. बाईकवर थोडं व्याज वाचतं ते वजा केलं तर हा रस्ता सहा हजारांनी महाग. त्यात गाडीचं लोन मुदतीआधी बंद करण्याचा चार्ज आणखी वेगळा, तो करारात बघायचा.

मला स्वतःला हे गणित करताना आश्चर्य वाटलं ते याचं की दोन्ही रस्ते दहाव्याच महिन्यात येऊन थांबतात. फरक सहा हजारांचा आहे, वर्षाचा नाही. सहा हजार कमी नाहीत हो, मुलीच्या शाळेची पुस्तकं आणि गणवेश त्यात येतो, पण नवरा-बायकोपैकी एकाचा धीर सुटत चालला असेल आणि तीन महिन्यात एक हप्ता कायमचा बंद झालेला दिसल्यावर तो पुढचे सात महिने टिकणार असेल तर ती किंमत मोजायला हरकत नाही असं मला मनापासून वाटतं. ज्यांना धीर आहे त्यांनी मात्र महाग कर्जच आधी घ्यावं.

तिसरा रस्ता मात्र या दोघांपेक्षा फारच स्वस्त पडतो. भावाच्या कंपनीत कामगारांची पतसंस्था आहे, 11 टक्क्याने कर्ज मिळतं, पगारातूनच कापून घेतात. तिथून 1,10,000 काढून कार्ड एका दिवसात बंद केलं आणि तेच 15,000 दरमहा तिथे भरले तर आठव्या महिन्यात संपतं आणि व्याज जातं 4,400. कुठे 23,700 आणि कुठे 4,400! बँकेच्या सोनेतारणावर पण बऱ्याचदा असाच दर मिळतो.

मग सगळ्यांनी हेच करावं का? नाही. पतसंस्थेला जामीनदार लागतात, तुमचे हप्ते थकले तर तुमच्याच शेजारच्या मशीनवर काम करणाऱ्याच्या पगारातून कापले जातात, हे विसरून चालत नाही. सोनेतारणात वर्षभर काही न भरता शेवटी मुद्दल आणि व्याज एकदम भरायची सोय मिळते ती अजिबात घेऊ नका, हप्ता पाडूनच घ्या, नाहीतर वर्ष निघून जातं आणि दागिने सोडवायला पुन्हा कर्ज. आणि सगळ्यात मोठा धोका रिकामं झालेलं कार्ड. आमच्या घरी हेच झालं होतं, कार्ड मोकळं केलं, ठेवून दिलं, गणपतीत पाहुणे आले, मग मुलगी आजारी पडली, सहा महिन्यात कार्डावर पुन्हा 40,000 आणि तिकडे सोनेतारणाचा हप्ता चालूच. म्हणून हा रस्ता घ्यायचा तर कार्ड त्याच दिवशी बंद करायचं किंवा लिमिट पाच-दहा हजारावर आणून ठेवायची, आणि अडीअडचणीला वीसेक हजार बचत खात्यात वेगळे राहू द्यायचे, त्यासाठी कार्ड एक-दोन महिने उशिरा सुटलं तरी चालेल.

अजून एक, सोनं कोणाचं आहे ते बघा. माझ्या पाटल्या आईने स्वतःच्या मोडून केलेल्या होत्या, त्या ठेवायचा निर्णय घरात झाला तेव्हा मला कोणी विचारलंच नाही आणि मीही बोलले नाही, ते मला अजून लागतं. सासूबाई आपणहून म्हणतायत हे त्यांचं मोठेपण, पण पतसंस्थेचा पर्याय असताना त्यांच्या दागिन्यांना हात लावू नये असं मी भावाला स्पष्ट सांगितलं.

भिशीचा नंबर आधी उचलून कार्ड भरू असंही त्याच्या डोक्यात होतं. ओळखीतली, बिनलिलावाची भिशी असेल तर व्याज नाही हे खरं, पण लिलावाच्या भिशीत आधी उचलणाऱ्याला जो तोटा सोसावा लागतो तेच त्याचं व्याज, ते आधी काढून बघा.

मामांचे 50,000 गणिताने सगळ्यात शेवटी यायला हवेत कारण व्याज शून्य. मी तरी तसं करणार नाही. मामा मागत नाहीत म्हणून त्यांना गरज नाही असं नसतं. मधल्या काळात ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस असं जे काही येईल त्यातला एक वाटा त्यांना, आणि उरलेल्याचं कधी देऊ ते आपणहून फोन करून सांगायचं.

कार्ड आणि बाईक गेली की पुढचं सोपं होतं. महाग-आधीच्या रस्त्याने गेलं तर अकराव्या महिन्यापासून पर्सनल लोनवर 8,203 अधिक 18,376 असे 26,579 टाकता येतात, तेव्हा बाकी असते साधारण 1,83,000, ती आठ महिन्यात संपते. 36 महिन्यांचं लोन 18 महिन्यात. फक्त पार्ट पेमेंट (हप्त्याशिवाय मध्येच जादा रक्कम भरणं) चालतं का, चार्ज किती, हे आधी लेखी विचारा. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर वर-खाली होणाऱ्या होम लोनवर असा चार्ज बँकांना लावता येत नाही, 2012 पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, पण पर्सनल लोन बहुतेक फिक्स रेटचं असतं त्यामुळे तीच सवलत इथे धरून चालू नका. आणि ज्यांचं होम लोन आहे त्यांनी कार्ड शिल्लक असताना होम लोनमध्ये जादा पैसे भरायची घाई करू नये, व्याजदरात केवढा फरक आहे बघा.

वसुलीवाले सेटलमेंट करू म्हणतात, थोडे भरा बाकी सोडतो. ते क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ म्हणून लागतं, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही, आणि पुढे घराचं लोन घेताना तेच आडवं येतं. हप्ते भरता येत असतील तर तिकडे जाऊच नका.

आता खरी तुलना, जी भाऊ विचारतच नव्हता. हिशोब एकाने बघायचा की दोघांनी? आमच्याकडे आधी सगळं नवरा बघायचा. तो बिचारा एकटा काळजी करायचा आणि मला वाटायचं हा उगाच प्रत्येक खर्चाला नाही म्हणतो, आणि त्याला माहीत नसलेली माझी एक 14,000 ची उधारी होती बचतगटाची. ज्या रविवारी दोघांनी एकाच वहीत सगळं लिहिलं, लपवलेलं पण, त्या दिवशी आम्ही दोघंही रडलो. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहा घेऊन अर्धा तास वही उघडायची, बाकी खोडून नवीन बाकी लिहायची. एकाने बघण्यात वेळ वाचतो, वाद कमी होतात, मान्य. पण दुसऱ्याला बाकी माहीतच नसेल तर तो किंवा ती खर्च आवरणार कशाच्या जोरावर? मुलगी लहान होती तरी तिला दर महिन्याला वहीत एक चौकोन रंगवायला द्यायचो, बाहेर पिझ्झा का नाही हे तिला त्यातून समजायचं, रागवावं लागायचं नाही.

भावाने पतसंस्थेचा फॉर्म आणलाय, जामीनदारांशी दोघं मिळून बोलले, आणि कार्ड बंद करायचा अर्ज वहिनी स्वतः देणार आहे. त्याला एवढंच आठवण करून दिलंय की कार्ड शून्य झालं की नो ड्यूजचं पत्र घ्यायचं, महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघायचा, आणि बाईकचा शेवटचा हप्ता गेला की एनओसी आणि फॉर्म 35 (आरटीओत बोजा उतरवायचा फॉर्म) घेऊन आरसीवरचा बोजा लगेच उतरवून घ्यायचा, कारण त्या एनओसीला मुदत असते.