महाबळेश्वर ते वाई : कृष्णेच्या खोऱ्यातील एक दिवसाची सहल

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी आई एका स्थानिक मार्गदर्शकांनी आखलेल्या कृष्णा खोऱ्याच्या सहलीला गेलो होतो. सकाळी सातला क्षेत्र महाबळेश्वर येथे सुरुवात आणि संध्याकाळी वाईच्या गणपती घाटावर शेवट. माणशी २,२०० रुपये शुल्कात गाडीभाडे आणि दुपारचे जेवण धरलेले होते. महाबळेश्वरला अनेकदा जाऊनही ज्यांनी केवळ पॉइंट आणि बाजारपेठ पाहिली आहे, त्यांनी ही सहल अवश्य करावी.

पंचगंगा मंदिरातील गोमुखाशी नेहमीप्रमाणे पाच नद्यांची नावे सांगून मार्गदर्शक पुढे सरकले नाहीत. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाचांपैकी सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते, वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेत येते, आणि कृष्णा मात्र सुमारे १,४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते, हे त्यांनी तेथेच जमिनीवर खडूने रेखाटून दाखवले. त्यानंतर त्यांनी आम्हाला जवळच्या कृष्णाबाईच्या जुन्या दगडी मंदिराकडे नेले. तेथे गर्दी अगदी विरळ असते आणि ओसरीसमोर खोल दरीत कृष्णेचे खोरे उघडते. समोर दिसणारी ही दरी पायवाटेने उतरता येते, परंतु गाडीला पाचगणी आणि पसरणीचा घाट असा वळसा घालून वाईत यावे लागते आणि मग नदीच्या काठाने पुन्हा पश्चिमेकडे वर जावे लागते.

हा वळसाच सहलीतला सर्वांत बोधप्रद भाग ठरला. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जेमतेम ३२ किलोमीटरवरील वाईला त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही. हे आकडे वाचलेले होते, पण डोळ्यांनी पाहण्याची गोष्ट वेगळी. पठारावरील जांभ्याचा लाल थर पाचगणीनंतर संपतो, काळ्या कातळाच्या पायऱ्यापायऱ्यांनी घाट उतरतो आणि खाली आल्यावर झाडी विरळ होऊन मळे सुरू होतात. वरच्या अंगाला, जोर या गावाच्या बाजूला, उतारावर भात आणि नाचणी, सड्यांवर धनगरांची वस्ती. खाली वाईकडे काळ्या जमिनीत हळद आणि ऊस. कृष्णा आणि वाळकी या दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर उभा असलेला कमळगड धोम धरणाच्या जलाशयावरून दाखवताना, पाऊस आणि माती बदलली की पीक, घराची उतरण आणि माणसाचा वर्षाचा क्रम कसा बदलतो, हे मार्गदर्शकांनी फार सुरेख समजावले.

जेवण एका शेतकरी कुटुंबाच्या घरी होते. भाकरी, घेवड्याची उसळ आणि ठेचा एवढेच, पण चुलीवरचे आणि पोटभर. अंगणात शिजवून वाळत घातलेली हळद पसरलेली होती आणि घरच्या ताईंचे तळवे पिवळेधमक झाले होते. आईने एक हळकुंड हातात घेतले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आजी, मोडून बघा. ओलं असलं तर वाकतं, वाळलेलं वाजतं.” ते कट् करून मोडले आणि आतला रंग पिवळ्यापेक्षा केशरीच अधिक होता. आईने तेथूनच दोन किलो हळद घेतली. अशा ठिकाणी प्रवाशांना पाऊण तास निवांत बसू देणे, हे आयोजकांच्या समजूतदारपणाचे लक्षण आहे.

मेणवलीत नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा घाट पाहिला. वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, १७०७ साल कोरलेली पोर्तुगीज घंटा येथे आहे. वाईत ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची का बांधली, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर फुटून दोन्ही बाजूंनी कसे निघून जाते, हे प्रत्यक्ष नदीपात्रात उतरून पाहता आले.

उणिवाही स्पष्ट लिहितो. नोंदणीच्या वेळी बारा जणांचा गट सांगितला होता, प्रत्यक्षात बावीस जण होते, आणि मागच्या रांगेतील लोकांना निम्मे विवेचन ऐकू आले नाही. त्याहून मनाला लागलेली गोष्ट म्हणजे धोम धरणाखाली गेलेल्या गावांसाठी अवघी पाच मिनिटे मिळाली. खोऱ्यातल्या माणसांविषयी दिवसभर बोलायचे, आणि ज्यांची घरे व शेते या पाण्याखाली गेली त्यांच्यापैकी एकाचेही म्हणणे ऐकवायचे नाही, हे मला अपुरे वाटले. वाड्यासाठी दिलेल्या वेळातील अर्धा तास धोमच्या काठावर एखाद्या विस्थापित ज्येष्ठांसमवेत घालवता आला असता. सहल संपल्यावर मी हे मार्गदर्शकांना सांगितले. त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

वयस्क मंडळींना घेऊन जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मेणवली आणि वाई या दोन्ही घाटांच्या पायऱ्या उंच आहेत आणि आधाराला कठडा नाही. हळदीची शिजवणी पाहायची असेल, तर फेब्रुवारी ते मार्च हाच काळ निवडावा. याच दिवसांत वाईच्या घाटांवर आळीआळीने कृष्णाबाईचा उत्सव चालतो. आम्ही पोहोचलो तेव्हा एका घाटावर मांडव उभा राहिला होता, आणि परतीची गाडी सुटेपर्यंत आई तेथील बायकांशी बोलत पायरीवर बसून होती.