थंडीतले कोळी : फवारणी करावी की फटी बुजवाव्यात?

दिवाळीची झाडलोट होऊन महिना उलटत नाही, तोवर छताच्या कोपऱ्यात पुन्हा जळमटं लोंबू लागतात आणि घरात दोन तट पडतात. एकाला फवारणीवाल्याला बोलवायचं असतं, दुसऱ्याला खिडक्यांना जाळ्या बसवायच्या असतात. पैसे दोन्हीकडे जातात, म्हणून माझं मत आधीच सांगते. सोलापुरातल्या बहुतेक घरांना कोळ्यांसाठी फवारणीची गरज नाही. तेच पैसे जाळ्या, दाराची पट्टी आणि पोर्चमधला दिवा बदलण्यावर घालावेत.

कोळी थंडीला भिऊन घरात शिरतात असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडे डिसेंबरातही दुपार तिशीला टेकते आणि रात्रीचा पारा पंधराच्या आसपास असतो. एवढ्या गारव्याने कोळ्याचं काही अडत नाही. खरी कारणं दोन. आपला पाऊस सप्टेंबरात जास्त. त्या ओलीवर किडे-डास वाढतात, ते खाऊन कोळी वाढतात आणि थंडीपर्यंत मोठे होऊन नजरेत भरतात. दुसरं म्हणजे पंखे बंद होतात. उन्हाळाभर पंख्याच्या वाऱ्याने जाळी टिकत नाहीत. थंडीत ती शाबूत राहतात, त्यांवर धूळ बसते आणि मग ती दिसतात. थोडक्यात, यातले बरेच कोळी आधीपासून घरातच असतात.

उपाय निवडण्याआधी आपल्या घरात कोणता कोळी आहे ते पाहा, कारण दोघांची तऱ्हा वेगळी. छताच्या कोपऱ्यात, माळ्यावर, पिंपामागे असतो तो बारीक अंगाचा, लांबलचक पायांचा. जाळ्याला धक्का लागला की जागच्या जागी गदागदा हलतो. जवळून पाहिलंत तर मादीने तोंडात अंड्यांचा गोळा धरलेला असतो, आणि त्यावरचा धागा इतका विरळ असतो की आतली अंडी वेगवेगळी दिसतात. दुसरा चपटा, तपकिरी, पाय पसरले तर तळहाताएवढा. तो जाळं विणत नाही. दिवसा कॅलेंडरमागे किंवा कपाटाच्या पाठीला चिकटून बसतो आणि रात्री झुरळांची शिकार करतो. त्याच्या मादीच्या पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चपटी पिशवी दिसली, तर त्यात शंभराहून जास्त अंडी असू शकतात. भिंतीवर टुणकन उड्या मारणारा छोटा कोळी माश्या-चिलटं खातो, त्याला राहू द्या.

आता फवारणी. घरात साधारण सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन जातीचं औषध मारतात. झुरळ त्या फरशीवरून पोट घासत जातं, मग पाय-मिशा तोंडाने साफ करतं, त्यामुळे औषध त्याच्या अंगात भिनतं. कोळी पायाच्या टोकांवर चालतो, त्याला लागतं फार थोडं. जाळ्यात लटकलेला तर फरशीला शिवतही नाही. थेट अंगावर उडालं तर मरतो, पण मग तेवढं काम झाडूनेही झालं असतं. काही आठवड्यांनी अंड्यांतून पिल्लं निघतात आणि पुन्हा तेच. घरात मांजर असेल किंवा माशांची टाकी असेल तर जास्तच जपावं लागतं, कारण या वर्गातली काही औषधं मांजरांना घातक आहेत आणि माशांना तर बहुतेक सगळीच.

जुन्या वाड्यातल्या माळवदाच्या घरात मी फवारणी टाळायलाच सांगेन. मातीचा गिलावा द्रव औषध पिऊन टाकतो. शिवाय किलचणांतून, म्हणजे तुळयांवरच्या लाकडी पट्ट्यांतून, माती सतत गळत असते, तिच्याबरोबर औषधही अंथरुणावर आणि ज्वारीच्या पोत्यांवर येणार. तिथे वर जुनी चादर ताणून बांधणं आणि तुळयांचे सांधे झाडत राहणं हाच धड उपाय आहे.

फवारणी जिथे कामाची आहे ती जागा म्हणजे झुरळांनी भरलेलं चेंबर, किंवा कोणी राहत नाही अशी अडगळीची खोली. स्वयंपाकघरात मात्र झुरळांसाठी जेलचे ठिपके पुरतात. झुरळं कमी झाली की चपटा कोळीही जागा बदलतो.

जाळ्या आणि पट्ट्यांना एकदाच खर्च येतो, पण काम नेटाने करून घ्यावं लागतं. नुसती खिडकीला जाळी लावून भागत नाही. रात्री घरातले दिवे घालवा, एकाला मोबाईलचा टॉर्च घेऊन बाहेर उभं करा आणि आतून बघा. दाराखालून, एसीच्या पाइपाच्या भोकातून, सरकत्या खिडकीच्या पट्टीतून उजेड आला की तिथून कोळीही येतो. भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवा, दाराला खालून रबराची किंवा ब्रशची पट्टी लावा, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा.

आपल्याकडची सर्वांत मोठी वाट मात्र कूलर. उन्हाळा संपला तरी तो खिडकीतच राहतो, वर प्लास्टिक टाकलं की झालं असं वाटतं. आतलं गवत सुकलेलं, अंधार, वारा नाही, कोळ्याला यापेक्षा चांगली जागा नाही. शक्य असेल तर कूलर काढून ठेवा. नाहीच जमलं तर गवत काढून टाका आणि चौकटीभोवतीची फट पुठ्ठा व चिकटपट्टीने बंद करा.

दिव्याकडे लोक लक्ष देत नाहीत, याचं मला वाईट वाटतं, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. दारावरच्या पांढऱ्या एलईडीवर किडे झुंडीने येतात, किड्यांमागे कोळी. पिवळसर दिवा लावा, तोही दाराच्या डोक्यावर नको, जरा लांब. पाणी रोज येत नसल्याने आपण पिंपं भरून ठेवतो, त्यांना झाकण किंवा कापड घट्ट बांधा. डास कमी म्हणजे कोळ्यांची जाळीही कमी.

स्वस्त उपायांपैकी पुदिन्याच्या तेलाला थोडा आधार आहे. २०१८च्या एका प्रयोगात काही जातींच्या कोळ्यांनी ते टाळलं, लिंबाच्या तेलाला मात्र दाद दिली नाही. वास उडाला की परिणामही जातो, आणि मांजर असेल तर हेही नको. कडुलिंबाच्या धुरीने डास तात्पुरते हटतात, पण दम्याच्या माणसाला त्रास होतो. सॉकेटमध्ये लावायची आवाजाची यंत्रं घेऊ नका.

शिराईला, म्हणजे केरसुणीला, ओलसर जुना टॉवेल गुंडाळून दर पंधरा दिवसांनी ती कोपऱ्यांतून फिरवणं मात्र दोन्ही पर्यायांत करावंच लागेल. अंडी साधारण दोन-तीन आठवड्यांत फुटतात, त्याआधी ती निघायला हवीत. काढलेली जळमटं पिशवीत बांधून बाहेर टाका. चपटा कोळी दिसला तर त्यावर पेला पालथा घाला, खालून लग्नपत्रिका सरकवा आणि अंगणात सोडा.

घरात लहान मूल आहे म्हणून फवारणी करून घेणाऱ्यांना एक सांगायचं आहे. आपल्या घरातले हे कोळी सहसा चावत नाहीत. सकाळी अंगावर फोड दिसले की कोळी मुतला म्हणतात, पण ते बहुधा ढेकूण, डास, एखादा किडा चिरडल्याने उठलेली आग किंवा नागीण असते. पट्ट्याने फोड येऊन ठणकत असतील तर लगेच डॉक्टरांना दाखवा, नागिणीचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेलं चांगलं.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील, तर वेल्क्रोची जाळी घ्या. ती घर सोडताना काढून नेता येते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी दाराखालची पट्टी लावा.