भाच्याला पायलट करायच्या आधी सिडकोतल्या सरांकडं सल्ल्याला गेलो होतो, त्याचा रिव्ह्यू (४ स्टार)

चार स्टार द्यायलोय. एक कामून कापला ते खाली येईलच.

आधी आम्ही तिथं गेलो कशाला ते सांगतो. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, बीड जिल्ह्यात. आमच्या बीडला रेल्वे यायलाच २०२५ चा सप्टेंबर उजाडला आन भाचा म्हणतोय मला विमान चालवायचंय. भाचा नांदेडचा, बारावी सायन्स, फिजिक्स गणित चांगलं. २०१७ ला उडान योजनेचं नांदेड-हैदराबाद विमान सुरू झालं तेव्हा हे शेंबडं पोरगं होतं, दाजी त्याला गाडीवर बसवून विमानतळाच्या कंपाउंडपाशी न्यायचे, पंख्याचं एटीआर विमान यायचं, तिथूनच डोक्यात बसलं. ती कंपनी २०२२ ला बंद पडली, ते विमान यायचं थांबलं, पण पोराच्या डोक्यातलं काही उतरलं नाही.

मागच्या महिन्यात नांदेडातच एका हॉटेलच्या हॉलमध्ये फ्री सेमिनार झाला. नाव लिहीत नाही, असे लई जण फिरायलेत सध्या. स्क्रीनवर कॅप्टनचा पगार, मागं ढगाचा फोटो, टाय लावलेली दोन पोरं, शेवटी व्हेज बिर्याणी. इंडिगोनं ५०० विमानं मागवली, एअर इंडियानं ४७०, आता पायलट कुठून आणणार म्हणून तेच तेच सांगत होते, आन आजच्या आज दोन लाख भरले तर टोटल फीमध्ये सूट. मी हात वर करून विचारलं की कंपनीच बंद पडली तर ह्या लेकरानं करायचं काय, तर टायवाला म्हणला काका, पॉझिटिव्ह राहा. बिर्याणी बरी होती. दाजी मात्र घरी जाऊन सातबारा काढायच्या मागं लागले, चार एकर रोडटच जमीन आहे, ताईनं रडत मला फोन लावला. म्हणलं दाजी, आठ दिवस दम धरा, आत बसून आलेला माणूस बघू कुणी.

मंग आमच्या शाळेतल्या एका गुरुजींच्या साडूकडून ह्या सरांचा नंबर मिळाला. सर आधी एका एअरलाइनला को-पायलट होते, ती बंद पडली, दुसरीकडं लागले तर वर्ष व्हायच्या आत कोरोना आला आन खालच्या नंबरवाल्यांना, म्हणजे उशिरा लागलेल्यांना, घरी बसवलं. आता संभाजीनगरला सिडकोत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत पोरांना डीजीसीएचे, म्हणजे पायलटचं लायसन देणाऱ्या सरकारी खात्याचे, पेपर शिकवतात, नेव्हिगेशन, हवामान, रेग्युलेशन हे सगळं, आन शनिवार-रविवार पालकांना वेळ देतात. फी दीड हजार, तासाचे. आम्हाला पावणेदोन तास दिला, जास्तीचे घेतले नाहीत. पावती मागितली तर फोनपेचा स्क्रीनशॉट ठेवा म्हणले, असो.

बसल्या बसल्या पगाराचा विषयच नाही. भाच्याला विचारलं चष्म्याचा नंबर किती, रंग नीट ओळखतो का, कान-नाकाचं काही ऑपरेशन झालंय का. पहिलं क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची डॉक्टरी तपासणी, मंग त्याच्या वरची क्लास वन, ते हातात आल्याबिगर कुणाला एक रुपया द्यायचा नाही. मंग पेपर पास कर, त्यांचा अभ्यास घरी बसून होतो, त्याला जमीन विकावी लागत नाही. मंग फ्लाइंग स्कूल बघ, आन बघायचं म्हणजे वेबसाइट नाही, तिथं जाऊन उडण्यासारखी विमानं किती आन शिकवणारे किती ते मोजायचं, कारण लायसनला २०० तास लागतात आन विमान हँगरमध्ये पडून असलं की पोरगं वर्षभर हॉस्टेलात झोपा काढतं. फी एकदम भरायची नाही, जसे तास होतील तशी. सेमिनारवाल्यांच्या ५०० विमानांबद्दल म्हणले की विमानं येतील तेव्हा येतील, पण कंपन्यांना कमी पडतात ते कॅप्टन, दोनशे तासवाली नवी पोरं ढिगानं बसून आहेत. एवढ्यावरच आमचे दीड हजार फिटले होते खरं तर.

पण खरी गंमत पुढं झाली. दाजींनी विचारलं, साहेब, नोकरी पक्की असती का. सर काही बोलले नाहीत, कपाटातून लॉगबुक काढून टेबलावर ठेवलं. जाडजूड वही, तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठं, किती तास, सगळे कॉलम बारीक अक्षरात भरलेले, प्रत्येक पानाच्या खाली बेरीज आन तीच बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर ओढलेली. मला एकदम आमचं पोषण आहाराचं रजिस्टर आठवलं, मागील शिल्लक, आजचा खर्च, अखेर शिल्लक. शेवटचं पान अर्धंच भरलेलं होतं आन त्याच्या खालची बेरीज पेन्सिलीत. मी विचारलं हे पेन्सिलीत कामून, तर म्हणले पान भरलं की मी पेनानं करतो.

मंग त्यांनी सिनिऑरिटीचं सांगितलं. एअरलाइनला लागला त्या तारखेवर तुमचा नंबर पडतो. वरचा माणूस ६५ ला रिटायर झाला की तुम्ही एक घर वर. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, कोणतं शहर मिळणार, दिवाळीला घरी कोण जाणार, सगळं बरंचसं ह्या नंबरावर. अमेरिकेत तर लईच कडक, तिथं महिन्याची ड्युटीसुद्धा नंबरानं मागायची, मंदी आली की कपात खालून वर आन परत बोलवायचं तर वरून खाली. सरांना त्यांचा जुना नंबर अजून तोंडपाठ आहे. वरचा कोण कधी रिटायर होणार ते धरून आपल्याला कमांड, म्हणजे कॅप्टनची डावी सीट, कोणत्या वर्षी मिळंल, हे त्यांनी लग्नाच्या वेळी सासऱ्यांना सुद्धा सांगितलं होतं म्हणे.

हे ऐकून मला हसूच आलं, कारण हे प्रकरण मला कुणी शिकवायची गरज नाही. मी २००६ ला रत्नागिरीला शिक्षणसेवक म्हणून लागलो, तीन हजार मानधन, अकरा वर्षं कोकणात काढली, पाऊस बघून बघून डोकं आउट झालं, शेवटी आंतरजिल्हा बदली मिळाली आन बीडला रुजू झालो त्या दिवशी यादीत एकदम तळाला. माझ्यानंतर चार-पाच वर्षांनी लागलेली पोरं माझ्या वर. एकाला तर मी डीएडचे फॉर्म भरून दिलेले, तो आता मीटिंगला मला म्हणतो गुरुजी जरा मागं सरका. मुख्याध्यापक व्हायचं माझं स्वप्न संपलं, पण आई-बापापाशी आलो, पगार तोच राहिला, तेव्हा तक्रार नाही. आन आमच्यात पटसंख्या घटली तर ज्युनिअर माणूस अतिरिक्त ठरतो, दोन रात्री झोप लागत नाही, पण समायोजन होतं, लांबची का होईना शाळा मिळते. म्हणून मी सरांना विचारलं, तुमच्यात समायोजन कसं असतं.

सर म्हणले, गुरुजी, आमच्यात कंपनी गेली की यादीच जाते.

मी हे दाजींना घरी येताना दोनदा समजावून सांगितलं, कारण त्यांना वाटलं एवढा अनुभवी माणूस, दुसरी कंपनी हात जोडून घेईल. घेते पण. कॅप्टन असला तर कॅप्टन म्हणूनच घेतात बऱ्याचदा, मार सगळ्यात जास्त बसतो तो कमांडच्या तोंडावर आलेल्या को-पायलटला. आठ-दहा वर्षं रांगेत उभं राहून खिडकीपाशी आला आन खिडकी बंद, आता दुसऱ्या ऑफिसात जाऊन शेवटी उभं राहा. आन तिथं मंदी आली तर पहिला बाहेर कोण? तोच. सरांचं दुसऱ्यांदा तेच झालं.

जेट एअरवेजचं तुम्हाला आठवत असंल. १७ एप्रिल २०१९, शेवटचं विमान अमृतसर-मुंबई. आपल्या चिकलठाण्याहून पण जेटचं मुंबईचं विमान होतं, ते पण गेलं. तिथल्या पायलट लोकांचे पगार जानेवारीपासूनच थकलेले होते आन तरी बरेच जण एप्रिलपर्यंत विमान उडवत होते. मी हे पेपरात वाचलं होतं तेव्हा मला वाटलं होतं लई श्रीमंत असतील, पगाराबिगर चालत असंल. सरांनी सांगितलं की हप्ते सगळ्यांनाच असतात, माणूस थांबतो तो नंबरासाठी. कंपनी बुडायच्या आधी जो सोडून जातो तो पंधरा वर्षांचा नंबर स्वतःच्या हातानं फाडतो, आन समजा कंपनी वाचली तर? मागं थांबलेले सगळे वर सरकणार आन हा दुसरीकडं तळाला. म्हणून कुणी पहिला उठत नाही, सगळे एकमेकांकडं बघत बसतात. त्यात डीजीसीएचा २०१७ चा नियम, सोडायचं तर कॅप्टननं एक वर्षाची नोटीस द्यायची, को-पायलटनं सहा महिन्यांची. कंपनीला मात्र थांबायला एक दिवस पुरतो. गो फर्स्ट ह्या विमान कंपनीनं २०२३ च्या मे मध्ये आधी तीनच दिवस उड्डाणं बंद म्हणून सांगितलं होतं, ते तीन दिवस काही संपलेच नाहीत आन २०२५ च्या जानेवारीत कंपनी मोडीत काढायचा आदेश निघाला.

आन घरी बसलं तर लायसन पण गुमान बसत नाही. मेडिकल चालू ठेवा, सिम्युलेटरवर चेक द्या, नव्वद दिवसांत टेकऑफ-लँडिंग झाले नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, आन हे सगळं नोकरी नसताना स्वतःच्या खिशातून. एका विमानाचं रेटिंग, म्हणजे ते चालवायची परवानगी, दुसऱ्याला चालत नाही, बोइंगवाल्याला एअरबसवर जायचं तर परत लाखांचा खर्च. आमच्यात बरं आहे, खडू कुठल्याही फळ्यावर चालतो.

मधी सर एअर इंडिया आन इंडियन एअरलाइन्सच्या २००७ च्या विलीनीकरणावर गेले ते पंचवीस मिनिटं परत आलेच नाहीत. दोन याद्या एक करायच्या तर कोण वर कोण खाली, त्यावर न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती बसली, ड्रीमलायनर ह्या बोइंगच्या नव्या मोठ्या विमानाचं ट्रेनिंग आधी कुणाला ह्यावरून २०१२ ला ५८ दिवस संप, मंग २०२४ ला विस्तारा कंपनीचं एअर इंडियात विलीनीकरण, मंग अमेरिकेतल्या टीडब्ल्यूए ह्या विमान कंपनीच्या बऱ्याच पायलटांना २००१ ला दुसऱ्या कंपनीच्या यादीच्या शेपटाला कसं जोडलं. मला आवडलं, ताईला जांभया यायल्या होत्या. पालकांसाठी एवढं नको, हा माझा प्रामाणिक फीडबॅक.

मी त्यांना हे पण विचारलं की एवढी वाईट आहे तर ही पद्धत ठेवता कशाला, गुणवत्तेवर करा ना. तर सर म्हणले गुणवत्ता ठरवणार कोण, साहेबच ना? मंग धुक्यात विमान काढायला नाही म्हणणारा कॅप्टन साहेबाच्या यादीत खाली जाणार आन हो म्हणणारा वर. तारखेला कुणी मस्का लावू शकत नाही. हे मला शंभर टक्के पटलं, आमच्याकडं ऑनलाइन बदल्या यायच्या आधी कुणाला कोणती शाळा कशी मिळायची ते मी इथं लिहीत नाही.

भाचा इतका वेळ गप होता. निघताना त्यानं विचारलं, सर, तुम्ही परत अर्ज करताव का? करतो म्हणले, दोन ठिकाणी केलाय. लागलो तर शेवटून पहिला. मी शिकवलेली तीन पोरं तिथं आहेत, ती मला सिनिअर होतील. हे सांगताना लॉगबुक कपाटात ठेवायला उठले होते, त्यामुळं तोंड दिसलं नाही.

आता स्टार कामून कापला ते. ताईनं शेवटी सरळ विचारलं की दादा, तुम्हीच सांगा, पोराला घालू का नको, तर सर म्हणले ते मी सांगणार नाही. ताई अजून त्यावरून नाराज आहे, म्हणते दीड हजार देऊन पण उत्तर आपणच काढायचं का. तिच्या वतीनं एक कापला.

सध्याची स्थिती अशी की भाच्यानं बीएस्सीला नाव घातलंय, क्लास टू मेडिकलची तारीख घेतलीय, रेग्युलेशनचं पुस्तक उशाला घेऊन झोपायलाय. दाजींनी जमिनीच्या गिऱ्हाइकाला मेडिकल होईपर्यंत थांब म्हणून सांगितलं.

ज्यांना जायचंय त्यांनी आठ दिवस आधी फोन करा, सर दुपारी उचलत नाहीत, क्लास असतो. जिना अरुंद आहे, म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल. चहा खालच्या टपरीवरून मागवतात, चांगला असतो. गाडी समोरच्या मेडिकलपाशी लावता येते पण दहाच्या आत, नंतर तो शटर उघडतो आन मंग लई बोलतो.