₹1,199 ची सवलतीची वर्गणी आणि परस्पर गेलेले ₹5,645

नियतकालिकांच्या वर्गण्या सवलतीत मिळवून देणाऱ्या एका मध्यस्थ कंपनीने माझ्या बँक खात्यातून एकूण ₹5,645 परस्पर काढून घेतले. त्यांपैकी ₹1,245 पुष्कळ भांडल्यावर परत मिळाले. ₹4,400 अजूनही मिळालेले नाहीत. आपोआप नूतनीकरणाच्या नावाखाली चालणारे हे प्रकार सगळ्यांनी ऐकलेले असतात, मीही ऐकले होते. तरीही हे सविस्तर लिहिते आहे, कारण यात सावधपणे व्यवहार करणारी माणसेही अडकतात, आणि एकदा अडकल्यावर ‘पिन तुम्हीच टाकला होता’ एवढ्या एका वाक्यावर जो तो हात झटकतो.

योजना अशी होती. एक साप्ताहिक आणि दोन मासिके, तिघांची छापील वार्षिक वर्गणी अनुक्रमे ₹2,600, ₹720 आणि ₹600, म्हणजे एकूण ₹3,920. ती सगळी वर्षभरासाठी ₹1,199 मध्ये. शिवाय एका चौथ्या मासिकाची डिजिटल आवृत्ती तीन महिने मोफत. जवळजवळ सत्तर टक्के सवलत पाहूनच शंका यायला हवी होती, असे आता मला ऐकवले जाते. परंतु वर्गणीदार वाढवण्यासाठी प्रकाशक स्वतःही मोठ्या सवलती देतात, आणि मध्यस्थांमार्फत वर्गणी भरण्याची पद्धत काही आजची नाही. पैसे भरल्यावर अंक येऊही लागले. वेष्टनावर प्रकाशकाचे नाव, माझा वर्गणीदार क्रमांक आणि वर्गणी संपण्याचा महिनादेखील नीट छापलेला असे. माल मिळत होता, वेळेवर मिळत होता. अशा वेळी संशय घ्यायचा तरी कशावर?

खरी गोम पैसे भरण्याच्या पानावर होती. ‘₹1,199 भरा’ असे ठळक हिरवे बटण दाबल्यावर यूपीआयचे अ‍ॅप उघडले आणि त्यात वर मोठ्या आकड्यांत ₹1,199 दिसले. त्याखाली, फिकट राखाडी अक्षरांत, आणखी तीन ओळी होत्या: कमाल रक्कम ₹5,000; वारंवारता ‘मागणी येईल तेव्हा’; आणि वैधता तब्बल तीस वर्षांनंतरच्या एका तारखेपर्यंत. या तीन ओळी मी आज डोळे मिटूनही वाचू शकते. एका वर्षाच्या वर्गणीला तीस वर्षांची मुदत कशासाठी आणि ₹1,199 च्या व्यवहारात ₹5,000 चा आकडा आला कुठून, हे तिथेच विचारायला हवे होते, असे घरचे सगळे सांगतात. माझे म्हणणे असे आहे, की रक्कम भरणे आणि यापुढे खात्यातून पैसे काढण्याची कायमची परवानगी देणे या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही एकाच पिनवर, एकाच पानावर उरकून घेणाऱ्याच्या हेतूबद्दल आधी बोलले पाहिजे. मी नोकरीची बरीच वर्षे हिशेब तपासण्यात घालवली आहेत. वाचायला मला येते. वाचले जाऊ नये अशा बेताने लिहिलेले वाचायची सक्ती ग्राहकावर का असावी?

हे पान पुन्हा समोर आले, तर रकमेच्या आगेमागे ‘कमाल’ किंवा ‘पर्यंत’ हा शब्द शोधा. तो दिसला, म्हणजे तुम्ही बिल भरत नसून मॅण्डेट, म्हणजे यापुढेही खात्यातून पैसे काढण्याची परवानगी, देत आहात. तेवढ्यावरच मागे फिरा.

हे रोखण्याची दुसरी संधी नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी आली होती, असे बँकेचे म्हणणे आहे. रिझर्व्ह बँकेने 21 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकाने अशा आवर्ती कपातींसाठी नियम घालून दिले; आधी कार्डांसाठी असलेले हे नियम पुढे यूपीआयलाही लागू झाले. त्यांनुसार कपातीच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि तीत व्यापाऱ्याचे नाव, रक्कम, कपातीची तारीख व वेळ, संदर्भ क्रमांक आणि कपातीचे कारण असले पाहिजे. मला आलेल्या एसएमएसमध्ये कोणत्याही नियतकालिकाचे नाव नव्हते. मध्यस्थ कंपनीचेही नव्हते. पैसे वसूल करून देणाऱ्या तिसऱ्याच एका कंपनीचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव, ₹4,400 हा आकडा आणि एक लांबलचक संदर्भ क्रमांक, एवढेच. त्याच आठवड्यात विम्याचा हप्ता जायचा होता आणि तो साधारण तेवढाच असतो. मी तो संदेश विम्याचा समजले. कोणीही तसेच समजले असते. दुसऱ्या दिवशी ₹4,400 गेले आणि त्यासाठी माझा पिन कोणी विचारला नाही, कारण जून 2022 पासून ₹15,000 पर्यंतच्या अशा कपातींना पहिल्या परवानगीनंतर दुसरी परवानगी लागत नाही. ₹5,000 ची कमाल मर्यादा त्या मर्यादेच्या किती आत बसवलेली आहे, हे लक्षात घ्या.

आता या ₹4,400 ची फोड पाहा. ₹3,920 छापील वर्गणी आणि ₹480 ‘टपाल व हाताळणी’. पहिल्या वर्षी टपालखर्चाचा उल्लेखही नव्हता. त्यातही अंकांच्या वेष्टनावर वर्गणी संपण्याचा महिना मार्च छापलेला होता, आणि कपात झाली जानेवारीत! हे विचारल्यावर कंपनीकडून उत्तर आले, की अंक खंडित होऊ नयेत म्हणून नूतनीकरण आगाऊ केले जाते. साप्ताहिकाच्या कार्यालयात मी स्वतः फोन केला, तेव्हा कळले, की त्यांच्याकडे थेट भरल्यास जुन्या वर्गणीदाराला तेच वर्ष ₹2,100 मध्ये मिळते. म्हणजे सवलतीच्या नावाने ज्यांच्याकडे गेले, त्यांनी मला दुसऱ्या वर्षी प्रकाशकापेक्षा ₹500 जास्त लावले. सवलतीची जाहिरात दिसली, की आधी प्रकाशकाच्या वर्गणी विभागाला फोन करावा, ही एक गोष्ट मी आता भेटेल त्याला सांगते.

बँकेचे खातेपुस्तक घेऊन बसले, तेव्हा मोफत म्हणून दिलेल्या चौथ्या मासिकाचा उलगडा झाला. तीन महिने उलटताच त्याचे दरमहा ₹249 जाऊ लागले होते. अशा पाच कपाती, एकूण ₹1,245. घरखर्चाच्या खात्यातून दिवसभरात दूध, भाजी, रिक्षा, औषधे अशा कितीतरी बारीक रकमा जातात; त्यांत ₹249 सहज लपतात, आणि ही रक्कम त्याच हिशेबाने ठरवलेली असणार याबद्दल मला शंका नाही. ज्या मासिकाचे एक पानही मी उघडलेले नव्हते, त्यासाठी मी पैसे भरत होते.

यानंतर जे सुरू झाले, त्याचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा आहे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये वर्गणी भरण्याचे बटण प्रत्येक पानावर आहे. रद्द करण्याचे बटण नाही. मदत विभागात चॅटबॉट आहे, तो आधी कारण विचारतो, मग आणखी सवलत देऊ करतो, मग ‘आमचा प्रतिनिधी संपर्क साधेल’ असे सांगून संभाषण संपवतो. पुष्कळ दिवसांनी जी मुलगी फोनवर भेटली, ती गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, रिफंड होत नाही, पण तुमच्या अमाउंटचे क्रेडिट पॉइंट करून देते, त्यात तुम्ही दुसरी कुठलीही मासिके घेऊ शकता.” ज्यांनी फसवले, त्यांच्याकडूनच आणखी खरेदी करायची! अशा पॉइंटांना होकार मुळीच देऊ नका. एकदा ते स्वीकारले, की तक्रारीचे निवारण झाले अशी नोंद ते करून टाकतात.

प्रकाशकांचे म्हणणे असे, की पैसे आम्ही घेतलेले नाहीत, मध्यस्थाला विचारा. मध्यस्थ म्हणतो, अंक प्रकाशक पाठवतो, आम्ही वर्गणी त्यांच्याकडे वळती केली आहे. वसुली करणारी कंपनी म्हणते, आम्ही फक्त तांत्रिक सेवा देतो. तिघांच्या पावत्यांवर तीन वेगवेगळे पत्ते आहेत, आणि माझे पैसे मात्र कोणाकडेच नाहीत, असे दिसते.

बँकेत गेले. पूर्वी आमच्या शाखेत तक्रार लिहून घेत, शिक्का मारून प्रत देत. आता खिडकीवरच्या तरुणाने संगणकाकडे पाहतच विचारले, “मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय ना?” होय, ₹1,199 साठी टाकला होता, असे मी म्हणाले. “मग ट्रान्झॅक्शन ऑथराइज्ड आहे.” सूचनेत व्यापाऱ्याचे नाव नसल्याचे मी त्याला दाखवले, नियम छापून नेला होता, तोही पुढे केला. त्याने तो वाचला नाही. व्यवस्थापक म्हणाले, मुख्य कार्यालयाला ईमेल करा. मुख्य कार्यालयाकडून ठरीव मजकूर आला, की आपला व्यवहार यशस्वी झाला असून आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. निवारण न करता तक्रार बंद करण्याचे हे कौशल्य नेमके कोणाच्या सोयीसाठी आहे? ज्या बँकेत माझा पगार जमा होत असे आणि आज निवृत्तिवेतन जमा होते, तिने माझ्या बाजूने कंपनीला एक साधे पत्रही लिहिले नाही.

पोलिसांच्या सायबर कक्षात तर बसायलाही सांगितले नाही. तुम्हाला अंक मिळाले ना, मग ही फसवणूक नाही, हा दिवाणी वाद आहे, असे ऐकवून मला परत पाठवले. ‘एवढ्याशा रकमेसाठी’ हे शब्द तिथे ऐकले, बँकेत ऐकले, आणि खेदाची गोष्ट म्हणजे नातेवाइकांकडूनही ऐकले. ₹4,400 ही एवढीशी रक्कम असेल, तर ती परत करताना कोणाचे काय जाते? आणि हजारो वर्गणीदारांकडून अशी एवढीशी रक्कम घेणाऱ्याची एकूण रक्कम किती होते, हा हिशेब कोणी मांडत का नाही?

कायदा ग्राहकाच्या बाजूने नाही, असे समजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या 13 क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत वर्गणीचा सापळा हा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदवला. रद्द करण्याची सोय लपवणे, ती विनाकारण किचकट करणे, मोफत सेवेसाठी आधीच आपोआप कपातीची परवानगी घ्यायला लावणे, हे सगळे त्यात नावानिशी येते. ते वाचताना माझेच प्रकरण कोणी लिहून काढले आहे, असे वाटले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच खूण केलेल्या चौकटींवरून ग्राहकाची संमती गृहीत धरायला मनाई केली आहे, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच देऊन महिन्याभरात तिचे निवारण करावे, असेही सांगितले आहे. मला ₹1,245 परत मिळाले, ते या नियमांचा उल्लेख करून त्या अधिकाऱ्याच्या नावे ईमेल पाठवल्यावरच. चॅटबॉटशी बोलून एक रुपया मिळाला नसता. ₹4,400 बद्दल मात्र त्याच ईमेलच्या उत्तरात ‘अंक पाठवणे सुरू झाले आहे’ एवढेच लिहिलेले होते. ते अंक नकोत, असे मी आधीच लेखी कळवलेले होते, आणि तरीही ते दारात येऊन पडत आहेत.

मॅण्डेट रद्द करायला कंपनीच्या परवानगीची गरज नाही, हे मला फार उशिरा कळले. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो, तिथे चालू मॅण्डेटची यादी दिसते आणि तिथूनच पिन टाकून ते कायमचे रद्द करता येते. माझ्या यादीत दोन मॅण्डेट निघाली. दुसऱ्याचा पिन मी केव्हा टाकला, हे मला आजही आठवत नाही, आणि कंपनीनेही ते सांगितलेले नाही. हे वाचत असाल, तर तुमची यादी आजच उघडून पाहा. रद्द करण्याआधी मात्र मॅण्डेटच्या पूर्ण तपशिलाचा स्क्रीनशॉट घ्या, कारण तक्रारीत ती तारीख, ती कमाल रक्कम आणि तो क्रमांक लागतो. अंकांची वेष्टनेही टाकू नका. माझ्याकडे मार्च छापलेले वेष्टन होते, म्हणून कंपनीला मुदतीआधीची कपात नाकारता आली नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बँकेने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असावी लागते, तेव्हा खिडकीवर तोंडी बोलून परत येऊ नका. जिल्हा ग्राहक आयोगात ₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहारांसाठी शुल्क लागत नाही, वकील लागतोच असे नाही, आणि कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले, तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.

ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार करण्यासाठी असलेल्या ई-जागृती पोर्टलवरून मी तक्रार दाखल केली आहे. तीत कंपनी, वसुली करणारी संस्था आणि बँक अशा तिघांनाही प्रतिवादी केले आहे, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे असेल, तर ते आयोगासमोर दाखवावे लागेल. मागणीत ₹4,400, त्यावरील व्याज आणि मनस्तापाची भरपाई आहे; नको असलेले अंक त्यांनी स्वखर्चाने परत न्यावेत, हेही त्यात लिहिले आहे.