पिवळे शॉक, जुने टायर आणि माझे १,५७,००० रुपये

माझ्या थार गाडीला दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणारं किट) आणि मोठे टायर बसवून घेताना मी १,५७,००० रुपयांना फसलो. पुढच्या दुरुस्तीला ८७,९५० रुपये गेले. एकूण २,४४,९५०. घरात हा आकडा दोन महिने कुणाला सांगितला नव्हता. आज लिहितोय कारण मला फसवणाऱ्या गॅरेजवाल्याने दुकानाची पाटी बदलून तोच धंदा पुन्हा सुरू केलाय, आणि पावसाळ्याआधी गाडी उंच करून घ्यायला लोक रांगेत उभे आहेत.

आधीच सांगतो, मी रस्त्यावर मिरवायला गाडी उचलली नाही. आमचं शेत जावळीत, मेढ्याच्या पुढे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे नुसता राडा. मधल्या चाकोऱ्या इतक्या खोल होतात की गाडी पोटावर बसते. दोनदा ट्रॅक्टरने ओढून काढली. म्हणून १ जून २०२४ ला पुण्याबाहेर महामार्गालगतच्या त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. ओळखीच्या दोघांनी नाव सुचवलं होतं. बाहेर सहा-सात उचललेल्या थार आणि जिप्सी उभ्या होत्या. विश्वास न ठेवण्यासारखं काही दिसलं नाही.

एस्टिमेट असं होतं: ऑस्ट्रेलियन कंपनीचं लिफ्ट किट, चार स्प्रिंग आणि चार शॉक (धक्के शोषणारे शॉक ॲब्सॉर्बर), ६८,०००. २६५/७५ आर १६ मापाचे नवे ऑल-टेरेन (चिखल-खडकातही चालणारे) टायर, स्टेपनी धरून पाच, प्रत्येकी १९,५००, म्हणजे ९७,५००. फिटिंग आणि अलाइनमेंट ६,५००. बेरीज १,७२,०००. माझे कंपनीचे पाच टायर, फक्त १४,००० किलोमीटर चाललेले, त्याने प्रत्येकी ३,००० ला धरले आणि १५,००० वजा केले. ३ जूनला ६०,००० यूपीआयने ॲडव्हान्स. स्कॅन केल्यावर नाव आलं एका बाईचं. विचारलं तर म्हणाला, "दादा, मिसेसचं खातं आहे, दुकानाच्या खात्याला लिमिट लागलंय." ८ जूनला ५०,००० यूपीआयने आणि ४७,००० रोख. रोखीचा आग्रह त्याचाच. बिल मागितलं तर, "बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल, आणि वॉरंटी तर माझ्या तोंडाची आहे."

दुकानाच्या नावाऐवजी दुसऱ्याचं खातं निघालं की पैसे पाठवू नका. तिथेच थांबा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. ८ जून, शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. गाडी रॅम्पवरून खाली आली. मी पुढच्या चाकाच्या कमानीत हात घालून नवा शॉक बघितला. झळझळीत पिवळा, वर कंपनीचं स्टिकर. हात बाहेर काढला तर अंगठ्याला पिवळा रंग. ओला नव्हता, पण चिकट होता. थिनरचा वासही येत होता. मी अंगठा त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, "फॅक्टरी कोटिंग आहे सर, गरम झालं की सेट होतं." आणि मी रुमालाने अंगठा पुसला.

परदेशातून पेटीबंद आलेल्या शॉकचा रंग हाताला लागतो कसा? शाळकरी पोराला कळावं असं आहे. पण मी सकाळी दहापासून तिथे बसलो होतो, १,१०,००० आधीच गेले होते, घरी बाबा आजारी होते आणि फार रात्र व्हायच्या आत सातारा गाठायचं होतं. जुने स्प्रिंग आणि शॉक माझेच होते, तेही मागितले. म्हणाला, "पोरगा गोडाऊनला ठेवून आलाय, पुढच्या खेपेला न्या." ती पुढची खेप आजपर्यंत आली नाही. काढलेला माल गाडीत पडल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका, कितीही उशीर झाला तरी.

टायरवर तारीखही शोधली होती. बाहेरच्या बाजूला सापडली नाही. टायरवर उमटवलेल्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, हे मला माहीत होतं. पण पूर्ण नंबर टायरच्या एकाच बाजूला असतो, दुसरीकडे अर्धवट, हे माहीत नव्हतं. पाचही टायर त्याने तारखेची बाजू आत करून चढवले होते. "पांढरी अक्षरं बाहेर छान दिसतात," असं कारण दिलं. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते एकाही टायरवर नव्हते. "पॉलिश करून देतो आम्ही." आयएसआयची खूण तर मी बघितलीच नाही.

पुढचे दोन महिने गाडी डावीकडे ओढायची. खड्ड्यातून चाक खाली गेलं की पुढून ठक्क असा आवाज यायचा. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा एकच उत्तर, "सस्पेन्शन सेटल व्हायला हजार किलोमीटर लागतात." किलोमीटर झाले १,९०० आणि त्याने फोन उचलणं बंद केलं.

११ ऑगस्ट, रविवार. पुण्याहून परत येताना खंबाटकी उतरून सुरूरच्या अलीकडे मागच्या डाव्या चाकातून फटफट आवाज सुरू झाला आणि गाडी हादरायला लागली. काट्यावर ८० होतं, म्हणजे खरा वेग ८३. मोठ्या टायरमुळे काटा कमी दाखवतो, हेही त्याने सांगितलं नव्हतं. कशीबशी कडेला घेतली. टायरचा वरचा पट्टा सालीसारखा निघून कमानीवर आपटत होता, मडगार्ड आणि बंपरचा कोपरा फुटला होता. गाडीत बायको आणि बारावीतला मुलगा होता.

स्टेपनी लावायला गेलो तर गाडीचा जॅक पुरेना. गाडी उंच झाली, जॅक तेवढाच राहिला. एका ट्रकवाल्या मामांनी थांबून लाकडी ठोकळा दिला, तेव्हा चाक निघालं. चाक जमिनीवर आडवं टाकलं तर आतली बाजू वर आली. चिखल बोटाने पुसला. ०९१५. नववा आठवडा, २०१५. नवे म्हणून घेतलेले टायर नऊ वर्षांचे होते. स्टेपनीवरही तेच. घासून गुळगुळीत झालेल्या टायरमध्ये पुन्हा खाचा कापल्या होत्या. पाण्याने धुतल्यावर खाचेच्या तळाशी तार उघडी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या मेकॅनिकने गाडी रॅम्पवर घेतली. त्याने खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि पिवळ्या शॉकच्या खालच्या भागावर दोनदा ओढलं. पिवळ्याखाली काळा रंग, आणि त्यावर माझ्याच गाडीच्या मूळ पार्टचा नंबर. ऑस्ट्रेलियन स्टिकर नखाने सोलून निघालं. स्प्रिंगही मूळच्याच. पुढे शॉकच्या वर लेथवर कातलेल्या नायलॉनच्या चकत्या, मागे स्प्रिंगखाली तसल्याच. चारही चकत्यांची किंमत त्याने दोन हजाराच्या आत सांगितली. म्हणजे मी माझेच शॉक ६८,००० देऊन परत विकत घेतले होते.

चकती टाकून उंची मिळते, पण शॉकची लांबी तेवढीच राहते. गाडी आधीच वर बसल्यामुळे चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि ते टोकाला जाऊन आदळतं. तोच तो ठक्क आवाज. पुढच्या एक्सलचा कोन वाढून दोन्ही बूट (सांध्यावरची रबरी आवरणं) फाटले होते, ग्रीस सगळीकडे उडालं होतं. एक ब्रेकचा होज (ऑइलची रबरी नळी) ताणून पांढरा पडला होता. आणि ज्याच्यासाठी हे केलं तेही पूर्ण झालं नव्हतं. लिफ्टने गाडीचं अंग वर जातं, मागचा अख्खा एक्सल जागेवरच राहतो. तो फक्त टायरने वर येतो, आणि कंपनीच्या २४५/७५ मापावरून २६५/७५ वर गेल्याने व्यास वाढतो ३० मिलिमीटर, म्हणजे एक्सल जेमतेम १५ मिलिमीटर उचलला जातो.

खर्च: बूट आणि मजुरी ७,४००, चकत्या काढणं, होज आणि अलाइनमेंट ६,८५०, पत्रा-बंपर ११,२००, कंपनीच्या मापाचे पाच नवे टायर ६२,५००. विम्याने बंपरचा क्लेम नाकारला, कारण बदल त्यांना कळवला नव्हता.

आता सरकारी दारं. साताऱ्यात पोलिस ठाण्यात गेलो तर अंमलदार म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः दिलेत, गाडी स्वतः चालवत आणलीत, यात फसवणूक कुठे? दिवाणी बाब आहे." नंतर म्हणाले, गॅरेज पुण्याकडे आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर, पैसे साताऱ्यातून पाठवले ना, मग तिकडेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी ठाण्याने माहिती नोंदवायची असते. मी कलम छापून नेलं. कागद वाचलाही नाही. तीन फेऱ्यांनंतर साधा अर्ज घेतला आणि शिक्का दिला. त्या अर्जाचं काय झालं म्हणून चार वेळा विचारायला गेलो, चारही वेळा संबंधित साहेब बंदोबस्ताला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर, दुकानात उभं राहून स्कॅन केलंत, हा सायबर गुन्हा नाही.

सगळ्यात जास्त संताप आरटीओत झाला. "आरटीओ अप्रूव्ह्ड किट" असं सांगून हा माणूस खुलेआम धंदा करतो, अशी लेखी तक्रार घेऊन गेलो होतो. टेबलामागच्या साहेबांनी आधी माझं आरसी मागितलं. म्हणाले, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध बदल तुम्हीच केलाय, १८२ अ (४) खाली प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तेही मालकाला. कायदा खरा आहे. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच सांगितलंय, कंपनीच्या मूळ रचनेत मनासारखा बदल चालणार नाही. पण मग रोज पाच गाड्या उचलणाऱ्या त्या शेडकडे एकही अधिकारी का जात नाही? मी बसून विचारलं, मला उठायला सांगितलं. लुटला गेलेला माणूस दारात उभा आहे आणि त्यालाच दंडाची भीती घालून परत पाठवतात, म्हणून तर हे लोक निर्धास्त आहेत. गिऱ्हाईक तक्रार करणार नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. लिफ्टला आरटीओची मंजुरी आहे असं कुणी म्हणालं की उठून चालू लागा.

थोडा आधार मिळाला तो १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरच्या मुलीकडून. तिने सांगितलं ते इथे देतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षं. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे बिल नाही म्हणून घाबरू नका. माझ्याकडे एस्टिमेटचा फोटो, यूपीआयच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे व्हॉइस मेसेज होते. ४७,००० रोखीचा मात्र कसलाही पुरावा नाही. एस्टिमेटवरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला तर नोंदणी आधीच रद्द झालेली. हे मी १ जूनला दुकानात उभं राहून दोन मिनिटांत करू शकलो असतो.

वकिलांची नोटीस "घेण्यास नकार" असा शेरा येऊन परत आली. तक्रार दाखल केली आहे, तारखा पडतायत. चारही चकत्या आणि सोललेलं स्टिकर पिशवीत सील करून ठेवलंय. सोललेला टायर शेतातल्या खोपीत आहे. तो कुणालाही देणार नाही.

पुणे-सातारा पट्ट्यात गेल्या दोन वर्षांत ज्यांनी पिवळे शॉक बसवून घेतलेत, त्यांनी आजच गाडीखाली वाका. शॉकच्या खालच्या टोकाला नाणं ओढा. काळा रंग निघाला तर काही धुऊ नका, काही बदलू नका, आधी फोटो काढा. मग टायरची आतली बाजू टॉर्च लावून वाचा. पाचही, स्टेपनी धरून.